सोलापुरी चादर, वजन एक किलो सहाशे वीस

वस्तू: सोलापुरी चादर, एक नग. सुती, जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेली, मयूरपंख नक्षी, रंग मरून आणि बाटली हिरवा. लेबलवरचं माप ६० बाय ९० इंच. सांगितलेली किंमत ९५०, दिलेली ९००. दुकान नवी पेठेच्या आसपास. नाव लिहीत नाही, कारण यात दुकानदाराचा दोष किती आणि माझा किती याचा हिशेब लागायला मला तीन आठवडे लागले आणि अजून चार-दोन पैशांचा फरक राहतोच आहे.

तारे: पहिल्या दिवशी पाचपैकी दोन. ते खोडले. आत्ता साडेतीन धरून चाला, पुढे काय होतं ते बघू.

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे पुढे मोजपट्टी आणि वजनकाटा फार येईल. चालवून घ्या.

सोलापुरात राहून सोलापुरी चादर विकत घेणं हा प्रकार जरा विचित्रच. इथे चादर विकत घ्यायची नसते, ती येते. सत्काराला येते, वास्तुशांतीला येते, बदली झालेल्या हेडमास्तरांना सगळ्या स्टाफची मिळून येते. माझ्या निवृत्तीला सहा आल्या, वर टॉवेलचे दोन जोड. त्या सहाही कपाटात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत तशाच पडून असताना मी भर एप्रिलात, बेचाळीस डिग्रीत, छत्री घेऊन बाहेर पडले आणि सातवी आणली. का, तर त्या सहांतली एकही ‘तशी’ नव्हती.

‘तशी’ म्हणजे कशी, ते सांगायला १९७३ सालात जावं लागेल. १९७२ च्या दुष्काळात ज्यांच्या घरी मिलो आणि सुकडी खाल्ली गेली त्यांना जास्त सांगायला नको. आमचे अप्पा नरसिंग गिरजी मिलमध्ये साचेखात्यात होते. दुष्काळाच्या वर्षी दिवाळी झालीच नव्हती. पुढच्या वर्षी पाऊस बरा पडला आणि दिवाळीच्या बोनसमधून अप्पांनी घरात एकच नवी वस्तू आणली, चादर. पूर्व भागातल्या, म्हणजे शहरातल्या विणकरांच्या वस्तीतल्या, कुणाच्या तरी मागावरची होती. मरून आणि बाटली हिरवी, मयूरपंखाची. अप्पा स्वतः आयुष्यभर कापड विणायचे, पण चादर हातात घेतल्यावर त्यांनी ती उलटी करून बराच वेळ मागची बाजू न्याहाळली होती. पुढे जिथे मरून, तिथे मागे हिरवं. मला तेव्हा ती जादू वाटली.

मी सात वर्षांची. उन्हाळ्यात आम्ही तिघं भावंडं माळवदावर झोपायचो. आई संध्याकाळी पाणी शिंपडायची, मातीतून वाफ निघायची, आणि मे महिन्यात अगदीच सहन होईना झालं की अप्पा ती चादर ओली करून आमच्या अंगावर टाकायचे. थंडीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, तीच चादर तिघांत. मी मधे. पहाटे मिलचा भोंगा व्हायचा, अप्पा उठायचे, आणि जाताना चादर ओढून माझ्या हनुवटीपर्यंत आणून ठेवायचे. तिचं वजन मला अजून आठवतं. छातीवर कुणी हात ठेवल्यासारखं. कूस बदलायची तर जोर लावावा लागायचा.

तर फेब्रुवारीत अक्काचा नाशिकहून फोन आला. अक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. म्हणाली, “मे महिन्यात येशील तेव्हा आपल्याकडची एक चादर आण गं.” बास, एवढंच म्हणाली. माझ्या डोक्यात दुसरी कुठली चादर येणार?

आता दुकान. दुकान चांगलं आहे, पंखा आहे, पाणी विचारतात. मालक माझ्या मुलाच्या वयाचा, बाई म्हटल्यावर गादीवरून उठला. मी आत शिरल्या शिरल्या म्हणाले, “पूर्वीसारखी जड चादर दाखवा.” हे माझं वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढे खटल्यात लागणार आहे. त्याने चार-पाच उघडल्या, मी नाक मुरडलं, मग वरच्या फळीवरून ही काढली.

“ही घ्या. हातात धरून बघा की. वजन बघा.”

धरली. जड होती. रंग तोच, मोर तोच. माझ्या पोटात काहीतरी हललं म्हटलं तरी चालेल.

“रंग?”

“पक्का. जाणार नाही.”

“आटेल?”

“अजिबात नाही ओ बाई. पूर्वीचा माल आहे हा, पूर्वीसारखाच.”

घाईत का होईना, मी एक तपासणी केली. ती तुम्हीही करा. चादर उलटी करा. जॅकार्डवर विणलेली असेल तर पुढची नक्षी मागे उलट्या रंगात स्वच्छ दिसते. छापलेली असेल तर मागे नुसतं फिकट, घाम आल्यासारखं दिसतं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे हे नाव लावायचं तर माल इथलाच हवा. तरीही पानिपतकडून वगैरे आलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून गळ्यात मारला जातो, खुद्द सोलापुरातसुद्धा. ही चादर त्या परीक्षेत पास झाली. विणलेली, सुती, इथली. त्याबद्दल तक्रार नाही.

घरी आणली. अक्काला द्यायच्या आधी एक रात्र आपण पांघरून बघावी असं वाटलं. कारण परीक्षणाचं सांगत असले तरी खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. पंखा पूर्ण वेगात सोडला, दिवा मालवला, आणि चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

काहीच झालं नाही.

म्हणजे चादर होती अंगावर. पण छातीवर हात ठेवल्यासारखं काही नाही. कूस बदलली, सहज बदलली गेली. जरा वेळाने उकडायला लागलं म्हणून पायाने बाजूला सारली, तीही सहज सरकली. अर्धा तास मी तशीच पडून होते आणि मला खरंच राग आला. नऊशे रुपयांचा नव्हे, फसवलं गेल्याचा. उठून फोन घेतला आणि रात्री पावणेबाराला दोन तारे लिहिले. “पूर्वीची सर नाही. हलका माल. दिशाभूल करतात.”

सकाळी स्वयंपाकघरातला काटा काढला. एक किलो सहाशे वीस ग्रॅम. माप बरोबर ६० बाय ९०. दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि चादर धुवायला टाकली. गार पाणी, मूठभर मीठ, एकटीच, वेगळ्या बादलीत, असं आईच्या पद्धतीने. पाणी लालभडक झालं. चुकून त्याच बादलीत माझा एक पांढरा नॅपकिन राहिला होता, तो आता गुलाबी आहे. वाळल्यावर पुन्हा मोजली. ५८ बाय साडेशहाऐंशी. वजन एक किलो पाचशे दहा.

म्हणजे रुंदीत दोन इंच आणि लांबीत साडेतीन इंच आटली, आणि वजनातले ११० ग्रॅम, जवळजवळ सात टक्के, गटारीतून वाहून गेले. आता मला पुरावा मिळाला होता. बाईंच्या हातात पुरावा आला की बाई कशा होतात ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

त्यातलीच एक विद्यार्थिनी पूर्व भागात राहते. घरचे माग आहेत. मी चादर पिशवीत घालून थेट तिच्याकडे गेले. त्या गल्लीत शिरलं की आधी आवाज येतो आणि मग घरं दिसतात. खटक-खट, खटक-खट, सगळ्या बाजूंनी. दारात तेलुगू, आत मराठी, मागावरच्या कामगाराशी हिंदी, असं तिथे एकाच वाक्यात चालतं. तिचे वडील सत्तरीचे, डोळ्यांना जाड चष्मा, कानाने थोडे कमी. मागाजवळ जन्म गेला की कान असेच होतात, अप्पांचेही झाले होते. पूर्वी त्यांच्या सगळ्या मागांवर चादरी निघायच्या, आता दोनच माग चादरीचे, बाकी टॉवेल. टॉवेलला बाहेर मागणी आहे, चादरीला “आठवण आहे,” असं ते हसत म्हणाले.

त्यांनी चादर घेतली आणि अप्पांसारखीच आधी उलटी केली. मग कोपरा दोन बोटांत चोळला. मी माझे आकडे वाचून दाखवले. सात टक्के वजन गेल्याचं ऐकून त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही.

“खळ ती. सूत मागावर घासतं ना बाई, एकेरी सुताच्या ताण्याला, उभ्या धाग्यांना, खळ द्यायलाच लागते, नाहीतर तुटतंय. आणि तयार झाल्यावर फिनिशिंगला वरून पण मारतात. हाताला कडक लागावी, जड लागावी म्हणून.”

“पण का?”

“लोक दुकानात चादर उचलून बघतात. पांघरून कोण बघतंय?”

यावर मी गप्प. मीच की ती, हातात धरून पोटात काहीतरी हललेली.

मग त्यांनी मला माग दाखवला. मी अर्ध्या आयुष्याहून जास्त सोलापुरात काढलं, मिल कामगाराची मुलगी, आणि जॅकार्ड इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिला. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते, प्रत्येक पट्टीला भोकं. भोक आहे तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नाही तिथला खाली राहतो, मधून धोटा आडवा धागा, म्हणजे बाणा, घेऊन जातो. की पुढची पट्टी. एका मोरपिसासाठी अशा किती पट्ट्या! भोक आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. मी आठवीला द्विमान पद्धत शिकवताना फळ्यावर दिव्याची बटणं काढायचे. दोन किलोमीटरवर हे चालू होतं आणि मी बटणं काढत बसले होते. या एका गोष्टीची मला त्या दिवशी चादरीहून जास्त हळहळ वाटली. असो.

रंगाबद्दल ते म्हणाले, गडद मरून पहिल्या दोन धुण्यांना सुटणारच. वरवर बसलेला रंग असतो तो. तिसऱ्या पाण्याला पाणी स्वच्छ निघालं तर रंग चांगला, नाही निघालं तर मला आणून दाखवा. आटण्याबद्दल: “सुती आहे, आटंल की थोडी.” म्हणजे दुकानदार जे दोनदा छातीठोकपणे ‘नाही’ म्हणाला, ते दोन्ही विणणाऱ्याने विचारायच्या आधीच ‘होय’ म्हणून टाकलं. तुम्हाला सांगते, राग तिथेच निम्मा झाला. चादर तीच होती, आकडे तेच होते. (तिसऱ्या धुण्याला पाणी स्वच्छ निघालं, हेही इथे नोंदवते.)

“पण पूर्वीसारखी नाही ना?” मी शेवटचं अस्त्र काढलं. “आमच्या घरची एक होती त्र्याहत्तर सालची. कसली जड होती!”

“हाय का अजून?”

“भावाकडे असेल ट्रंकेत.”

“मग तोला की ती पण,” ते म्हणाले आणि चहा मागवला.

हे इतकं सोपं होतं आणि मला सुचलं नव्हतं. सुचायला नको होतं, असंही असेल.

दादा विजापूर रोडला राहतो. आईच्या माघारी तिची ट्रंक त्याच्याकडे. दोन पैठण्या, अप्पांचं मिलचं टोकन, डांबराच्या गोळ्या आणि तळाशी चादर. एका बाजूने विरलेली, एका कोपऱ्याला आईने दुसऱ्या चादरीचं ठिगळ लावलेलं. मरून रंग विटकरी झाला होता. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि जरा तोलच गेला, कारण मी जोर लावला होता आणि ती झटकन वर आली.

काटा: एक किलो तीनशे ऐंशी.

पुन्हा ठेवली. एक तीनशे ऐंशी.

माप घेतलं. ५४ बाय ८२. मग दादाच्या कॅलेंडरमागे गणित केलं. जुनी चादर दर चौरस इंचाला सुमारे ०.३१२ ग्रॅम. नवी, धुतल्यानंतर, ०.३०१. म्हणजे जुनी जास्त दाट आहे, होय, पण साडेतीन टक्क्यांनी. पन्नास वर्षं दगडावर आपटून धुतल्याने तिचं सूत झिजलं असणार, त्याचे आणखी काही टक्के माझ्या बाजूने टाका. कितीही ओढूनताणून टाकले तरी छातीवरच्या त्या हाताचं वजन कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. सात वर्षांची मुलगी, दुष्काळातून निघालेली, वजन असेल पंधरा-सोळा किलो. तिच्या अंगावर दीड-दोन किलोची चादर. आज मी अडुसष्ट किलोची. त्रैराशिक तुम्हीच मांडा.

दादाचा मुलगा पुण्याला एमबीए करतो, सुट्टीला आलेला होता. आत्या ट्रंकेपुढे बसून भागाकार करते आहे हे बघून त्याला राहवेना. म्हणाला, हे आम्हाला आहे. रिचर्ड ऑलिव्हर नावाच्या माणसाने १९८० मध्ये मांडलंय. गिऱ्हाईकाचं समाधान मालाच्या दर्जावर एकट्यावर ठरत नाही, अपेक्षा आणि अनुभव यांच्यातल्या फरकावर ठरतं. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की खूश, कमी मिळालं की नाराज.

मी म्हटलं, बाळा, हे आमच्या गल्लीला नळामुळे ठाऊक आहे. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाचव्या दिवशी आलं तर कुणी काही बोलत नाही, पिंप भरतात आणि झोपतात. एकदा चुकून तिसऱ्या दिवशी आलं तर बायका पहाटे पाचला हंडे घेऊन असं हसत होत्या, जसं काही कुणाचं लग्न ठरलंय. आणि पुण्याहून आलेली माझी सून रोज सकाळी नळ सोडून बघायची आणि रोज सकाळी तिचं तोंड उतरायचं. पाणी दोघींना सारखंच. पण ऑलिव्हर साहेबांनी एक सांगितलं का, की अपेक्षा कुणी घालून ठेवली? भाचा म्हणाला, त्यावरही काम झालंय, जाहिरात वगैरे. त्याला जेवायला बोलावलं म्हणून तो गेला आणि माझं काम मात्र तिथे सुरू झालं.

कारण तारे द्यायचे तर हे वेगळं काढायलाच हवं. दुकानदाराने तीन गोष्टी सांगितल्या. रंग जाणार नाही, हे त्याने छातीवर हात मारून सांगितलं. आटणार नाही, हेही. या दोन अपेक्षा त्याच्या दुकानात तयार झालेल्या, त्याच्याच शिक्क्याच्या, त्यांचा भुर्दंड त्यालाच. दीड तारा कापला तो यासाठी. खरं सांगितलं असतं तरी मी चादर घेतली असती, हे त्याला कळत नाही याबद्दल वेगळा राग आहे, पण त्याला कुठे तारा नसतो. तिसरी गोष्ट, ‘पूर्वीसारखी’. हा शब्द मी घरून पिशवीत घालून नेला होता. त्याने फक्त तो घडी करून मला परत दिला आणि नऊशे रुपये घेतले. त्याबद्दल मी कापलेले तारे परत केले.

मे महिन्यात नाशिकला गेले. एसटीने, रात्रभर. सोबत चादर, शेंगा चटणी आणि कडक भाकरीचे दोन पुडे. भाऊजींना कडक भाकरीची सवय चाळीस वर्षांत लागलेली नाही. दर वेळी पहिला तुकडा मोडताना त्यांच्या चेहऱ्यावर आशा असते, की या खेपेला मऊ असेल. कडक म्हटलंय ना हो! मग आमटीत बुडवून ठेवतात आणि पेपर वाचतात.

अक्काने पिशवी उघडली, चादर बाहेर काढली, झटकली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. माझी सगळी कथा ओठांवर होती, साडेतीन टक्के, खळ, ट्रंक.

“अगं, किती छान हलकी आहे!”

मी म्हटलं, “हलकी?”

“नाहीतर काय. मला भीती होती तू आपल्या अप्पांच्या चादरीसारखी शोधून आणशील. ती आठवते का तुला? काय मेलं वजन तिचं! धुवायला मीच असायची. ओली झाली की उचलायची नाही ती, दगडावरून ओढायची. पिळायला दोघी लागायच्या आणि तू पळून जायचीस. आणि टोचायची किती. मी कडेला असायचे, तुला मधली जागा, आणि दादा झोपेत ओढून घ्यायचा. थंडीत माझा एक पाय कायम बाहेर.”

“तू तर म्हणालीस, आपल्याकडची आण.”

“आपल्याकडची म्हणजे सोलापूरची गं. इथे दुकानात छापील मिळतात.”

पन्नास वर्षं आम्ही दोघी एकाच चादरीखाली झोपलो असं मी समजत होते.

अक्का म्हणाली, अशाच आणखी दोन आण, एक सुनेला आणि एक सुनेच्या बहिणीला. रंग कुठलाही चालेल, मरून मात्र नको, धुताना इतर कपड्यांना लागतो. लेबलवर ९० इंच लिहिलंय आणि भाऊजींचे पाय बाहेर येतात, एवढी एक तक्रार तिने केली. ती मी पोचवते आहे.

परवा पुन्हा त्याच दुकानात गेले. मालक ओळखीचं हसला, पाणी मागवलं. मी निळी आणि राखाडी काढायला लावली. उलटी करून बघितली. उचलून वजन बघितलं नाही, हात मागे बांधून उभी राहिले.

“रंग पक्का आहे ना?”

“एकदम पक्का ओ बाई.”

“मागच्या वेळीही हेच म्हणाला होता. माझा नॅपकिन गुलाबी आहे आता.”

त्याने गल्ल्यावरून वर बघितलं. नोकराकडे बघितलं. मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, “पहिल्या दोन धुण्याला थोडा सुटतो बाई. वेगळी धुवा. आणि आटते थोडी, दोन-तीन इंच.”

दोन चादरी, सतराशे पन्नास. चार तारे करते.